निकाल दिसत नाही
(हरवलेल्या आणि अर्ध्यामुर्ध्या सापडलेल्या सामन्यांच्या चित्रफितींविषयी)

द्वितीय वर्ष, कला

भारतीय माणसाने भारतात घेतलेले पहिले चलच्चित्र कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण दादासाहेब फाळके आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यांचे नाव घेतील. मीही तेच घेतले असते. पण फाळक्यांच्या चौदा वर्षे आधी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मुंबईच्या मराठी छायाचित्रकाराने हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा उभा केला होता, आणि पहिल्या चलच्चित्राचा मान सामान्यतः त्यांनाच दिला जातो. त्या कॅमेऱ्याने टिपले ते नाटक नव्हते, राजाची मिरवणूक नव्हती. ती एक कुस्ती होती. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची.

इतिहासाच्या प्रकल्पासाठी वाचताना मला हे सापडले. इतर मुलांनी किल्ले, बारवा, वाडे असे विषय घेतले होते. मला 'दृक्‌श्राव्य साधने' हा विषय मिळाला, तोही मी उशिरा नाव दिल्यामुळे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ही माहिती मोठ्या कौतुकाने तात्यांना सांगितली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तात्यांची शाळा चौथीत सुटली. मात्र तरुणपणी नीरेच्या दोन्ही काठांवरच्या जत्रांत त्यांनी कुस्त्या केल्या आणि फेटे बांधून घेतले. माझे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "मग कोण जिकलं?"

मी पुन्हा पुस्तके उघडली. मल्लांची नावे सगळीकडे आहेत, जागा आहे, वर्ष आहे, कॅमेऱ्याची किंमतसुद्धा आहे. निकाल मात्र पुस्तकांतून येत नाही. आणि ज्या फितीत तो असावा, ती फीत आज कोठेही नाही.

"मग नुसती नावं ठिवून काय करायचं?" तात्या म्हणाले. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी जो थोडाफार प्रयत्न केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम सावेदादांच्या फितीविषयी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तो पाहून सावेदादांनी विलायतेतील रायली ब्रदर्स यांच्याकडून एकवीस गिनी मोजून कॅमेरा मागविला. कुस्तीची फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. ती परत आल्यावर परदेशी चित्रांच्या जोडीने ती लोकांना दाखविली गेली. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हाचे स्वागतही सावेदादांनी टिपले. तीही फीत आज उरलेली नाही. सावेदादा स्वतः १९५८ पर्यंत हयात होते. म्हणजे चित्रे गेली आणि चित्रकार राहिला, असा उलटा प्रकार झाला.

त्या काळी फितीची लांबी फार नसे. ल्युमिएर बंधूंची फीत सुमारे सतरा मीटरांची, म्हणजे पन्नासएक सेकंदांची असे. कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि उजेड म्हणजे ऊन, म्हणून चित्रण उघड्यावर करावे लागे. मी हे सांगितले तेव्हा तात्या हसले. पन्नास सेकंदांत सलामी होऊन माती अंगाला लावण्यापलीकडे काय होणार, असे त्यांचे म्हणणे पडले. मला हे पटते. सावेदादांची फीत याच जमान्यातली. उद्या ती एखाद्या जुन्या पेटीत सापडली, तरी तीत निकाल असेलच असे नाही. हरवलेल्या गोष्टीत आपल्याला हवे ते सगळे होते असे आपण गृहीत धरतो, हा शोधणाऱ्याचा पहिला मोह होय.

आता या फिती जातात कोठे? एक तर त्या नष्ट होण्याच्याच पदार्थाच्या बनविलेल्या असत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच फिल्म सर्रास वापरात होती. तिला चटकन आग लागते, आणि जळताना लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असल्यामुळे पाण्यात बुडवूनही ती विझत नाही. आग लागली नाही तरी ती आपोआप कुजते. आधी चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी उरते. दुसरे असे की फिल्मवरच्या चित्रात चांदी असते. खेळ संपून फिती जुन्या झाल्या की चांदी काढण्यासाठी त्या विकल्या जात. ज्या चित्रात राजे, देव आणि पैलवान होते, ते वितळवून दोन तोळे चांदी निघाली की व्यापारी खूश. त्याला आपण दोष द्यावा काय? आमच्या घरीही आजीच्या लग्नातली पितळी भांडी मोडीत गेलीच आहेत.

भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले आज जेमतेम तीसएक, तेही पुष्कळसे तुकड्यांत, शिल्लक आहेत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्रा'ची मूळची चार रिळे. त्यांतली पहिले आणि शेवटचे अशी दोनच सापडतात. बरे, तीही १९१३ सालच्याच चित्रपटाची आहेत की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या त्याच कथेच्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९३१ सालच्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची तर एकही प्रत उपलब्ध नाही. जे वाचले ते वाचविण्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा वाटा फार मोठा. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. पी. के. नायर यांनी आयुष्य खर्चून तेथे रिळे गोळा केली. आणि तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागून सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळे जळाली. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरविलेल्या होत्या, एवढेच समाधान. बारामतीहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर हे घडले आणि त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. पण वाचताना जवळचे कोणी गेल्यासारखे वाटले.

मी खेळांच्या फितींविषयी लिहावयास बसलो आणि चित्रपटांकडे वळलो, याचे कारण इतकेच की आपल्याकडे जुन्या खेळांच्या फिती निराळ्या जपल्या गेल्या नाहीत. म्हणून या बाबतीत इंग्लंडकडे पाहावे लागते. तेथे फुटबॉलचा खेळ आणि चलच्चित्राचा धंदा साधारण एकाच काळात भरास आले. ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यांच्या १८९८ सालच्या सामन्याची छोटीशी फीत आजही पाहावयास मिळते. म्हणजे ती आपल्या पुंडलिकदादांच्या कुस्तीपेक्षा एक वर्षाने मोठी. तिची बहीण जगली, आपली गेली.

त्याच ब्लॅकबर्न गावात सॅगर मिचेल आणि जेम्स केनियन या दोघांची चलच्चित्रे काढणारी कंपनी होती. जत्रांतून तंबू टाकून खेळ करणाऱ्या मंडळींसाठी ते चित्रे काढीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी फुटबॉलचे कितीतरी सामने टिपले. १९०२ सालच्या बर्नली विरुद्ध मँचेस्टर युनायटेड सामन्याची फीत त्यांचीच. कंपनी बंद पडली आणि नावही विसरले गेले. पुढे १९९४ साली त्यांच्या जुन्या दुकानाच्या तळघरात कामगारांना धातूची तीन पिंपे सापडली. त्यांत आठशेच्या आसपास मूळ निगेटिव्ह रिळे होती. ती कचऱ्यात जायची, पण एका स्थानिक चित्रपटप्रेमी माणसाच्या हाती लागली, आणि पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ती ताब्यात घेऊन दुरुस्त केली. २००५ साली बीबीसीने त्यावर मालिकाही दाखविली.

या फितींची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. फुटबॉलच्या सामन्याची फीत म्हणून आपण पाहू लागावे, तर तीत खेळ थोडा आणि गर्दीच जास्त! टोप्या हलविणारी माणसे, कुंपणावर चढलेली पोरे, कॅमेऱ्याकडे पाहून दात काढणारे गिरणीकामगार. गोल कोठे झाला याचा पत्ता नसतो. असे का? एक कारण सरळ आहे. चेंडू कोठे जाईल याचा नेम नसे आणि एका जागी उभा असलेला हातचा कॅमेरा त्याच्या मागे धावू शकत नसे. दुसरे कारण धंद्याचे आहे. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तंबूत खेळ लागे, आणि तिकीट काढणारा माणूस सामना पाहण्यासाठी नव्हे तर पडद्यावर स्वतःचे तोंड पाहण्यासाठी येई. जो पैसे देणार त्याचे चित्र घ्यावयाचे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे आमच्या गावाच्या जत्रेत ती पुन्हा येणार आहे.

दूरदर्शनचा जमाना आला तेव्हा तरी सगळे जपले गेले असेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. चित्रफितीचा, म्हणजे व्हिडिओ टेपचा, मोठा गुण हाच की ती पुसून पुन्हा वापरता येते. आणि तोच तिचा शाप झाला. सुरुवातीच्या टेपा महाग होत्या, ठेवावयास जागा नव्हती, आणि झालेला सामना पुन्हा कोण पाहणार असा विचार होता. म्हणून बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांत ढीगभर कार्यक्रम पुसून टाकले. अमेरिकेत (तेथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळण्याचा निराळाच खेळ) १५ जानेवारी १९६७ रोजी पहिला 'सुपर बोल' सामना झाला. दोन वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखविला आणि दोन्ही वाहिन्यांनी पुढे आपापल्या टेपा पुसल्या. कोट्यवधी लोकांनी पाहिलेला सामना असा नाहीसा झाला. नंतर २००५ साली एका घराच्या माळ्यावर, कोणा हौशी माणसाने त्या दिवशी उतरवून घेतलेली टेप निघाली. तीत मध्यंतराचा कार्यक्रम नाही आणि तिसऱ्या भागातला बराच खेळ नाही, बाकी आहे.

काही सामने मात्र हरवलेले नाहीत, ते टिपलेच गेले नाहीत. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी अवस्था असताना कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. या खेळीचे चित्रण नाही. आपण जे पाहतो ते २०२१ सालच्या '८३' या चित्रपटात नटाने खेळून दाखविलेले. पेले स्वतःचा सर्वांत सुंदर गोल म्हणून २ ऑगस्ट १९५९ रोजी साओ पावलो येथे युव्हेंतुस क्लबविरुद्ध केलेल्या गोलाचा उल्लेख करीत. त्याचीही फीत नाही, म्हणून २००४ सालच्या 'पेले एतेर्नो' या माहितीपटासाठी तो संगणकावर तयार करावा लागला. आपल्या फुटबॉलचा सुवर्णकाळ घ्या. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. तो गोव्याचा आणि खेळला मुंबईत, म्हणजे आपलाच माणूस. आमच्या गावच्या पोरांना मेस्सीचे गोल तोंडपाठ आहेत. डिसोझाचा एकही गोल त्यांनी पाहिलेला नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळविले, तो सामनाही माझ्या पिढीने पाहिला तो २०२४ सालच्या 'मैदान' चित्रपटात, नटांचा. नटांनी खेळलेला सामना पाहताना मजा येते यात शंका नाही. पण त्यात कॅमेरा नेमका हवा तेथे असतो, आणि म्हणूनच तो साधन म्हणून उपयोगी नाही. खऱ्या फितीत कॅमेरा बहुधा भलतीकडेच पाहत असतो.

अर्धे सापडणे म्हणजे काय, हे इंदापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. उजनी धरणात जुने पळसदेव बुडाले. पाणी खूप खाली गेले की पळसनाथाचे हेमाडपंती मंदिर वर येते, लोक होड्यांतून पाहावयास जातात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा आत जाते. मंदिर दिसते, भोवतालचा गाव, त्याचे रस्ते, बाजार दिसत नाही. तो ज्यांनी पाहिला त्यांनी सांगावयाचा.

आता आमच्या घरच्या फितीविषयी सांगतो.

तात्यांची गाजलेली कुस्ती गावच्या चैत्रातल्या यात्रेत झाली. जोड नीरेपलीकडच्या माळशिरस तालुक्यातला. त्या वर्षी यात्रा कमिटीने पहिल्यांदाच व्हिडिओ शूटिंग सांगितले होते आणि त्याची एक कॅसेट आमच्या घरी आली. मी लहानपणापासून ऐकत आलो की तात्यांनी घिस्सा मारून त्याला चीतपट केले आणि गावाने त्यांना खांद्यावरून नेले. कॅसेट आहे हेही ऐकत होतो. पण घरात ती लावण्याचे यंत्र कधीच नव्हते. ती आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली होती.

प्रकल्पाच्या निमित्ताने मी ती बाहेर काढली. कडेने पांढरी बुरशी धरली होती. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर टेप चिकटून तुटते आणि यंत्रही खराब होते, हे मला आधी वाचलेले होते म्हणून बरे. अशी यंत्रे बनविणारा जगातला शेवटचा मोठा कारखाना २०१६ साली थांबला. आता दुरुस्त करून चालविलेली जुनी यंत्रेच उरली आहेत. पुण्यात एका कारागिराने ती उघडून, टेप पुसून, संगणकावर उतरवून दिली. पैसे दादांनी उसाच्या बिलातून दिले आणि "याचे मार्क किती?" असे विचारले.

सगळी मिळून एकतीस मिनिटे सापडली. सुरुवातीची अकरा मिनिटे व्यासपीठावरचे सत्कार आहेत. नारळ, फेटा, नमस्कार. नारळ, फेटा, नमस्कार. मागून हलगी वाजते आहे, पण हलगीवाला दिसत नाही. नंतर लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, त्याही घाईने. मग पुकारा होतो आणि तात्या मैदानात येतात. मी त्यांना प्रथम ओळखलेच नाही. ते माझ्यासारखे दिसत होते.

सलामी झाली. खडाखडी झाली. दोन मिनिटांच्या सुमारास पलीकडच्या पैलवानाने एकेरी पट काढून तात्यांना खाली घेतले. तात्या पोटावर आहेत, वरचा कस काढतो आहे, लोक ओरडत आहेत. आणि इतक्यात कॅमेरा फिरतो! कोणी पाहुणे उशिरा आले होते. त्यांना फेटा बांधण्याचे काम दीड मिनिट चालते. कारण उघड आहे. शूटिंगचे पैसे कमिटी देणार आणि कमिटीला पाहुणे हवेत. ब्लॅकबर्नच्या तंबूवाल्यांचा नियम नीरेकाठीही तोच. कॅमेरा परत मैदानावर येतो तेव्हा तात्या वर आहेत आणि दुसरा खाली. हे कसे झाले, कोणत्या डावाने झाले, ते पाहुण्यांच्या फेट्याने झाकले. तात्या त्याची मान धरून वळवितात, पंच वाकून पाहतात, आणि एक पांढरी रेघ येते.

पुढे माझ्या आत्याचा साखरपुडा आहे.

दोन वर्षांनी साखरपुड्याच्या वेळी शूटिंगवाल्याने विचारले होते, घरात एखादी कॅसेट आहे का, नवी घेतली तर पैसे वेगळे पडतील. आजीने ट्रंकेतली काढून दिली. आजीला त्यात काय आहे हे माहीत होते. पण लेकीच्या साखरपुड्यापुढे धाकट्या दिराची कुस्ती तिला मोठी वाटली नसेल, आणि आत्या ती मिनिटे पाहून रडली तेव्हा मलाही आजीचेच बरोबर वाटले. आजी आता नाही. त्या चित्रात ती आहे, ओटीचे ताट घेऊन उभी. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचा एक लहान तुकडा असतो. तो मोडून टाकला की तीवर पुन्हा चित्रण होत नाही. ही साधी गोष्ट तेव्हा आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. कागदावरचे खोडलेले अक्षर उजेडात धरून कधी कधी वाचता येते. टेपचे तसे नाही. नवीन चित्रण होताना यंत्र आधी जुने पुसते, आणि ते खालून पुन्हा वर येत नाही.

(वरील परिच्छेदात मी आजीसाठी 'धाकटा दीर' असे लिहिले, ते वाचून घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो: ही माझ्या वडिलांची चुलती, सख्खी आजी लवकर गेल्याने तिनेच सगळ्यांना वाढविले. तात्या नात्याने तिचे पुतणे. पण ते तिच्या धाकट्या दिरासारखे घरात वावरत आणि ती थट्टेने त्यांना 'भावजी' म्हणे.)

साधनाची चिकित्सा करावी असे आम्हांस शिकविले आहे, म्हणून तीही केली. चित्राच्या कोपऱ्यात तारीख आहे: १ जानेवारी १९९०. ती खोटी आहे. कॅमेऱ्यातले घड्याळ कोणी लावलेच नव्हते. घरातले सगळे कुस्ती १९९५ सालची सांगतात, कारण त्या वर्षी थोरला चुलतभाऊ झाला. पण पाहुण्यांच्या मागे जो कापडी फलक आहे त्यावर 'यात्रा उत्सव १९९६' असे स्वच्छ वाचता येते. म्हणजे यंत्र चुकले, माणसेही चुकली, आणि ज्या सत्कारांना मी कंटाळलो होतो त्यांनीच खरे साल दिले.

निकालाचे काय? मी तो तुकडा मोबाईलवर घेऊन नीरेपलीकडे गेलो. तात्यांचे जोड असलेले गृहस्थ आता साठीला आले आहेत. गुडघे गेले आहेत. त्यांनी मला चहा दिला आणि चित्र दोन वेळा पाहिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुस्ती निकाली झालीच नाही. अंधार पडला म्हणून पंचांनी बरोबरीत सोडविली. मग ते म्हणाले, "मी तुमच्या चुलत्याला आदुगर खाली घेतलं हुतं. हे तुमच्या घरात कुणी सांगितलं का कधी?"

कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरच्या गोष्टीत तात्या कधी खाली गेलेच नव्हते. मी त्यांना विचारले, तुमच्या घरात तात्या वर आल्याचे सांगतात का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि "च्या घ्या" म्हणाले.

चित्रफितीने निकाल दिला नाही. पण दोन्ही घरांनी आपापल्या गोष्टीतून जे वगळले होते ते तिने परत आणून ठेवले. सावेदादांची फीत सापडली तर तीही असेच काही करील, असे मला वाटते. 'नुसती नावे ठेवून काय करायचे' या तात्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नावे ठेवली म्हणूनच मला नीरेपलीकडे कोणाच्या दारात जायचे ते कळले.

बारामती-इंदापूर भागातल्या बऱ्याच घरांत अशा कॅसेट असतील. त्या उन्हात वाळवू नयेत, जुन्या यंत्रात घालून पाहू नयेत, आणि पाठीवरचा तो तुकडा आजच मोडावा. कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी. वर काय आहे ते कागदावर लिहून चिकटवावे. साल लिहिताना कोपऱ्यातल्या तारखेवर विश्वास ठेवू नये.

निघताना त्या गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली. शूटिंगची मूळ कॅसेट यात्रा कमिटीच्या त्या वेळच्या खजिनदाराकडे होती. आमची ती तिच्यावरून काढलेली प्रत. खजिनदार पुढे मुलाकडे भिगवणला राहावयास गेले. मी पत्ता मिळविला आहे आणि परीक्षा झाल्यावर जाणार आहे. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते गोठ्यात धार काढीत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर बादली उचलून म्हणाले, "घावली तर आदी मला दाव. गावात नगं."